लाल रंगाची राखण

पूर्व चीनमधल्या ओढ्या-तळ्यांत, तैवानमध्ये, कोरियात गोड्या पाण्याची एक बारीक कोळंबी राहते. लांबी फार तर तीन-चार सेंटिमीटर. रंग मातकट, कधी हिरवट, कधी नुसताच पाण्यासारखा. १९०४ साली बूव्हिए या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञाने तिची शास्त्रीय नोंद केली आणि तिला आर्मां दाव्हिद या पाद्र्याचं नाव दिलं. चीनमध्ये धर्मप्रसाराला जाऊन झाडं, पक्षी, प्राणी गोळा करत हिंडलेला हा तोच गृहस्थ, ज्याने १८६९ मध्ये पांडाची ओळख युरोपला करून दिली. त्याच्या नावाची ही कोळंबी आज आपल्याकडे मत्स्यालयांच्या दुकानात सहज मिळते. पण ‘मातकट द्या’ असं कोणी म्हणत नाही. सगळ्यांना हवी असते ती चेरी. चेरी म्हणजे लाल.

हा लाल रंग माणसाने राखलेला आहे. नदीत हजारांमागे एखादं पिल्लू जरा तांबूस निघालं, तर बहुधा ते आधी एखाद्या माशाच्या नजरेस पडणार आणि तिथेच संपणार. तैवानमधल्या पैदासकारांनी अशी तांबूस पिल्लं वेगळी काढली, त्यांची आपसांत पैदास केली, त्यातली आणखी लाल निवडली. पुढे निळी आली, पिवळी आली, चॉकलेटी, काळी आली. सगळ्या एकाच जातीच्या. आणि या सगळ्या रंगांची एक अट आहे, जी दुकानदार सांगत नाही: लक्ष काढून घेतलं की रंग उतरायला लागतो. माझ्या घरात आता दोन टाक्या आहेत. एकीत लाल कोळंबी आहे आणि दुसरीत जे काही व्हायचं ते झालेलं आहे. गेली काही वर्षं मी या दोन टाक्यांच्या मधे बसून विचार करते आहे.

घर पुण्यात, माहेर संगमेश्वर तालुक्यातलं, सासर मालवणकडचं. म्हणजे कोळंबीशी आमचा संबंध मुळात ताटातला. मालवणहून आलेल्या जावेने टाकीत डोकावून विचारलं होतं, “गो, ही सुंगटां वाढतली कधी नि आमटीत पडतली कधी?” मी म्हटलं, वाढणार नाहीत, एवढीच राहतात. “मगे कित्याक?” या प्रश्नाला माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं. टाकीतल्या माशाचं समजावून सांगता येतं. मासा काचेपाशी येतो, दाणे टाकणाऱ्या हाताची त्याला सवय होते, आपल्याला ओळखतो असा समज करून घ्यायला वाव असतो. कोळंबी असलं काही देत नाही. तुम्ही काचेसमोर आहात की नाही, याने तिच्या दिवसात काडीचा फरक पडत नाही.

तिला फरक पडतो तो पाण्याने. हे पहिल्या काही आठवड्यांतच कळतं, आणि मग माणूस कोळंबी पाळतो म्हणजे खरं तर पाणी पाळतो हेही कळतं. नव्या टाकीत पाणी भरून लगेच जीव सोडायचा नाही, टाकी ‘सायकल’ होऊ द्यायची, हा या छंदातला पहिला धडा. कुजणाऱ्या अन्नातून, विष्ठेतून अमोनिया तयार होतो. काही जिवाणू त्याचं नायट्राइट करतात आणि काही नायट्राइटचं नायट्रेट. पहिली दोन्ही विषारी, तिसरं त्या मानाने सोसण्याजोगं. हे जिवाणू स्पंज फिल्टरच्या छिद्रांत, वाळूत, दगडांवर वसती करतात आणि त्यांना जम बसवायला महिना-सव्वा महिना लागतो. तेवढे दिवस टाकीत फक्त पाणी, शेवाळ आणि एअर पंपाची बुडबुड. घरातले सगळे येऊन विचारून जातात, “यात आहे काय?” मला तो महिना आवडतो. कशाचीही वाट न बघता एखाद्या गोष्टीसमोर बसण्याची सवय आपल्याला राहिलेली नाही.

पुण्यात नळाला येणारं खडकवासल्याचं पाणी कोळंबीला बरं मानवतं. सह्याद्रीवर पडलेला पाऊस, काळ्या कातळावरून वाहून आलेला. त्यात क्षार बेताचे. क्लोरिन तेवढं घालवावं लागतं. बादलीत रात्रभर उघडं ठेवून किंवा थायोसल्फेटचे थेंब टाकून ते काम होतं. खरी अडचण उन्हाळ्यात, सोसायटीत टँकर येतात तेव्हा. टँकरचं पाणी बोअरचं, जड. आरओ फिल्टर विकणाऱ्यांमुळे घरोघरी पोचलेला तो टीडीएस मीटर बुडवला की आकडा नळाच्या पाण्याच्या कित्येक पट निघतो. माणसाला त्याने डाळ शिजायला वेळ लागतो, साबणाला फेस येत नाही, एवढंच. कोळंबीच्या अंगावर मात्र ते येतं. क्षारांचं प्रमाण एकदम बदललं की तिची कात वेळेआधी सुटते, आणि कात ही तिच्या आयुष्यातली सर्वांत धोक्याची घटका.

कात टाकणं एकदा तरी डोळ्यांनी बघावं. कोळंबीचा सांगाडा बाहेरून असतो, म्हणून वाढायचं तर जुनं कवच सोडण्याला पर्याय नाही. पाठीच्या खोलगटीशी, डोकं आणि शेपटीचा भाग जुळतो तिथे, कवच उघडतं आणि एका झटक्यात ती मागे उडी घेऊन त्यातून निघते. झटका इतका चपळ की पापणी लवली तर चुकतो. मागे काचेसारखं रिकामं कवच राहतं: मिशा, पाय, डोळ्यांवरच्या टोप्या, सगळं जागच्या जागी. नवशिके ते बघून घाबरतात, मेली म्हणतात. ती मात्र मॉसच्या आड जाऊन बसलेली असते, मऊ, कुणाचाही घास होण्याजोगी, नवं कवच घट्ट होईपर्यंत. चुन्याचा अंश कमी पडला की हे जमत नाही. कवच पाठीवर गोल चिरतं, पांढरं कडं दिसतं आणि ती अर्धवट अडकून मरते. म्हणून पाण्यात समुद्रफेनाचा तुकडा टाकून ठेवतात. काष्ठौषधींच्या दुकानात तो मिळतो. आमचा दुकानदार दर वेळी विचारतो, कान फुटलाय का कुणाचा? टाकलेली कातही मी बाहेर काढत नाही. दोन दिवसांत त्या स्वतःच ती कुरतडून संपवतात. आपलाच चुना परत आपल्या अंगात.

मादीने कात टाकली की टाकीत एकच धांदल उडते. तिच्या अंगातून पाण्यात कसला तरी संकेत सुटतो आणि एरवी जागच्या जागी शेवाळ खुडत बसणारे सगळे नर उठून वेड्यासारखे पोहायला लागतात, वर, खाली, काचेला घासून. अर्धा दिवस हे चालतं. त्याआधी मादीच्या मानेमागे पिवळी-हिरवी अंडी पाठीतून दिसत असतात, खोगीर घातल्यासारखी. छंदवाले त्याला ‘सॅडल’च म्हणतात. गडबड निवली की ती अंडी पोटाखाली आलेली असतात. वीस-तीस, मोठ्या मादीला त्याहून जास्त. पुढचे तीनेक आठवडे पोटाखालच्या पोहण्याच्या पायांनी ती त्यांना सतत वारा घालते. पाण्याचा वारा, पण दुसरा शब्द मला सुचत नाही. खाताना, चालताना, झोपल्यासारखी स्थिर असताना, पाय हलतच असतात. पिल्लं निघतात ती दोन मिलिमीटरची, पण आईची हुबेहूब प्रत, मिशांसकट. समुद्रातल्या कोळंबीसारख्या मधल्या अळीच्या अवस्था त्यांना नाहीत. जन्मल्या क्षणापासून ती खुडायला लागतात.

काय खुडतात? दिसतही नाही असं काही. पाण्यातल्या प्रत्येक पृष्ठभागावर जिवाणू, शेवाळ, बुरशी यांचा बारीक थर धरतो, तोच त्यांचा मुख्य आहार. त्यासाठी मी देशी बदामाची पानं टाकते. आमच्या रस्त्यावर बदामाची दोन झाडं आहेत. थंडी सरताना त्यांची पानं लालबुंद होऊन गळतात आणि सफाई कामगार बाई झाडू थांबवून मला चार स्वच्छ पानं उचलू देते. धुऊन, वाळवून एक पान टाकलं की पाणी चहाच्या फिकट रंगाचं होतं आणि महिनाभरात पानाची फक्त शिरांची जाळी उरते. अधूनमधून उकडलेला पालक, दुधीची चकती. बाजारातल्या भाजीवर फवारणी झालेली असते, म्हणून गच्चीतल्या कुंडीतलाच पालक. या बाबतीत मी कधी सवलत घेत नाही. कोळंबी आणि कीटक दोघेही संधिपाद. झुरळासाठी, डासासाठी बनवलेलं औषध त्यांच्या या पाण्यातल्या भावंडांनाही तितकंच लागतं. पावसाळ्यात महापालिकेचे लोक डासांसाठी धूर करायला येतात तेव्हा मी खिडक्या लावते, टाक्यांवर ओलं कापड टाकते आणि थोडा वेळ पंप बंद ठेवते, कारण पंप खोलीतलीच हवा पाण्यात ढकलतो. शेजारी हसतात. तांब्याचंही तेच. कोळंबीच्या रक्तात लोहाऐवजी तांबं असतं, प्राणवायू वाहायला तिला ते लागतंच, पण पाण्यात ते किंचित जरी वाढलं तरी जीवघेणं. माशांच्या कित्येक औषधांत मोरचूद असतं. माहेरी पोफळीवर फवारायच्या बोर्डो मिश्रणातलं मोरचूद. तेव्हा पऱ्याच्या वरच्या अंगाला फवारणी झाली की खालच्या डोहातली झिंगी दिसेनाशी होतात, असं आजोबा म्हणायचे. आजोबांना हीमोसायनिन, म्हणजे कोळंबीच्या रक्तातलं हे तांब्याचं प्रथिन, माहीत नव्हतं.

आता रंगाकडे येते.

मी पहिल्यांदा आणल्या त्या दुकानात रक्तासारख्या लाल दिसत होत्या. घरी दोन दिवसांत फिक्या पडल्या. याला फसवणूक म्हणता येणार नाही, किंवा अर्धीच म्हणता येईल. कोळंबीच्या कातडीत रंगाच्या पेशी असतात, त्या पसरतात-आक्रसतात. तळ काळा असला की रंग गडद होतो, पांढऱ्या वाळूवर उतरतो. प्रवासाचा धक्का बसला तरी उतरतो. दुकानात काळी माती आणि वर तांबूस झाक मारणारा दिवा. मी तळ बदलला, रंग आला. तोवर मला वाटत होतं की रंग म्हणजे तिच्या अंगावर असलेली गोष्ट. तो एका बाजूने तिच्या परिस्थितीचा आहे आणि दुसऱ्या बाजूने तिच्या जेवणाचा, कारण लाल-केशरी कॅरोटिनॉइड रंगद्रव्यं कवचधारी प्राणी स्वतः बनवू शकत नाहीत, ती शेवाळातून येतात. स्वयंपाकघरात हे रोज दिसतं. करड्या-निळसर कोळंबीला कढईत चटका बसला की ती केशरी होते. केशरी आधीपासून असतंच, एका प्रथिनाने धरून ठेवल्यामुळे वेगळं दिसतं. उष्णतेने प्रथिन मोडतं आणि रंग सुटतो. म्हणजे लाल प्रत्येकीत दडलेला आहे. माणसाने फक्त जिवंतपणी तो वर आणायचा ध्यास घेतला.

या ध्यासाची सर्वांत टोकाची गोष्ट जपानमध्ये घडली. दक्षिण चीन-हाँगकाँगकडून येणारी काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची एक वेगळी कोळंबी तिथे ‘बी श्रिंप’ म्हणून पाळत. १९९० च्या दशकात हिसायासू सुझुकी या गृहस्थांना आपल्या टाकीत काळ्याऐवजी लाल पट्ट्यांची एक सापडली. त्यांनी तिचा वंश चिकाटीने वाढवला. हीच ती ‘क्रिस्टल रेड’. पुढे तिची प्रतवारी लागली: सी, बी, ए, एस, मग एस दोनदा, एस तीनदा. पांढरा किती दाट, लाल कुठे संपतो, डोक्यावर ठिपका कुठे पडतो, त्यावर प्रत. चेरीचंही तसंच: साधी, साकुरा, फायर रेड, पेंटेड फायर रेड. शेवटच्या प्रतीत पायसुद्धा लाल हवेत.

त्याच देशातली दुसरी गोष्ट मला जास्त जवळची वाटते. ताकाशी अमानो हा निइगाताचा छायाचित्रकार. पाण्याखाली जंगल-कुरणांचे देखावे रचायची कला त्याने जगाला दिली. रोपांवर शेवाळ चढायचं, त्यासाठी त्याने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला निरनिराळ्या कोळंब्या आणून बघितल्या आणि त्यातली एक पारदर्शक, अंगावर तपकिरी ठिपके असलेली निवडली. आज ती त्याच्या नावाने ओळखली जाते. तिला कोणी रंग दिला नाही. तिची निवड कामासाठी झाली. शिवाय ती घरच्या टाकीत सहजी वंश वाढवत नाही. पिल्लांना काही काळ खारं पाणी लागतं, अंडी नदीत फुटतात आणि अळ्या वाहत समुद्राकडे जातात. ज्या जिवाची पुढची पिढी आपल्या हातात नाही, त्याला रंगवता येत नाही, असं मला वाटतं. चेरी सापडली कारण ती काचेच्या चार भिंतींत जन्मते, वाढते, अंडी घालते आणि वर्ष-दीड वर्षात मरते. आपल्या डोळ्यांदेखत पिढ्या उलटतात. दोन-तीन महिन्यांत पिल्लू वयात येतं. कबुतरं किंवा कुत्रे निवडून वाढवायला माणसाला आयुष्य घालवावं लागलं. इथे दोन दिवाळ्यांमध्ये तीन-चार पिढ्या होतात. निवड करण्याचा मोह होणारच.

ही निवड म्हणजे काय ते पिंपरीतल्या एका तरुणाने मला शिकवलं. त्याच्या एका खोलीत भिंतभर लोखंडी मांडणी, तीवर टाक्या, प्रत्येक टाकीत एक रंग. दर महिन्याला तो टाकीसमोर बसतो, जाळी आणि विजेरी घेऊन, आणि फिक्या निघालेल्या काढून घेतो. छंदवाले याला ‘कल’ करणं म्हणतात. काढलेल्यांचं काय करायचं हा ज्याचा त्याचा प्रश्न. तो त्या स्वस्तात विकतो किंवा माशांच्या टाकीत टाकतो. “काकू, नाही काढल्या तर चार-पाच पिढ्यांत सगळ्या पाण्यासारख्या होतील. मग माझ्याकडे कोण येणार?” यात क्रूरपणा नव्हता. शेतकरी रोपं विरळ करतो, तसंच ते त्याच्या लेखी. मी घरी येऊन तसंच करायला लागले. लाल टाकीतून फिक्या काढून शेजारच्या छोट्या टाकीत टाकायच्या. माशांना घालायला हात झाला नाही, म्हणून ती दुसरी टाकी.

हात का झाला नाही, याचं उत्तर मला हळवेपणापलीकडे शोधावंसं वाटलं, कारण त्याच आठवड्यात मी कोळंबीचं कालवण केलं होतं आणि चवीने खाल्लं होतं. बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठात रॉबर्ट एलवूड आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये समुद्रातल्या एका कोळंबीवर प्रयोग केले. मिशीला सौम्य आम्ल लावलं तर ती कोळंबी नेमकी तीच मिशी पुन्हा पुन्हा साफ करत राहिली, टाकीला घासत राहिली. आधी बधिर करणारं औषध लावलं तर हे कमी झालं. सगळ्यांना हे पटलं असं नाही, वाद झाले. पण ब्रिटनने पुढे जॉनथन बर्च यांच्या गटाचा अहवाल मागवला आणि २०२२ च्या प्राणी संवेदनशीलता कायद्यात खेकडे, कोळंब्या यांच्यासारखे दशपादही आले. आपल्याकडे याची चर्चाच झाली नाही, याचं कारण थोडं मजेशीर आहे: १९६० च्या आपल्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात ‘प्राणी’ म्हणजे माणूस सोडून कोणताही सजीव, अशी सरसकट व्याख्या आहे. कागदावर आपण ब्रिटनच्या साठेक वर्षं पुढे आहोत. मासळी बाजारात गेलं की कागद कुठे आहे ते कळतं.

पण माझा प्रश्न दुखण्याचा नव्हताच. खाण्यासाठी मारलं तर निदान खाल्लं जातं. इथे काढायचं कारण एकच होतं: ती डोळ्यांना आवडली नाही. ती निरोगी होती, कात नीट टाकत होती, अंडी वाहत होती. तिच्या अंगी एकही खोट नव्हती, एक सोडून, आणि ती एक खोट आमच्या बघण्यात होती. बरं, मला लाल रंग आवडत नाही असंही नाही. सकाळी हिरव्या मॉसवर तीस-चाळीस लाल ठिपके हलताना दिसले की मन प्रसन्न होतं, हे खोटं कशाला सांगू. सौंदर्यासाठी निवड करण्यात मुळात गैर काही नाही. गुलाब, आंबा, खिलार बैल, सगळंच कोणीतरी निवडत आलं आहे. फक्त आंबा निवडणाऱ्याने रायवळ तोडून टाकला नाही. तो बांधावर राहिला, लोणच्याला राहिला. फिक्या कोळंबीला बांध नाही.

म्हणून दुसरी टाकी. आधी तिच्यात फक्त काढलेल्या फिक्या होत्या. मग त्या तरुणाने एकदा काही पिवळ्या आणि निळ्या दिल्या, त्याही काढलेल्याच. रंग मिसळले तर काय होतं हे छंदातल्या प्रत्येकाला ऐकून माहीत असतं, म्हणूनच कोणी ते करत नाही. मी होऊ दिलं. पहिल्याच पिढीत बहुतेक पिल्लं मातकट निघाली. पुढच्या पिढ्यांत काही हिरवट, काही पारदर्शक, एखादीच्या पाठीवर उभी फिकट रेघ, एखादी पार काळपट आणि मधूनच एखादी विटकरी. कोणी रंगाचं काही शिकवलेलं नसताना आर्मां दाव्हिदच्या ओढ्यातली कोळंबी माझ्या बैठकीच्या खोलीत परत आली होती.

आणि ही टाकी बघायला वेळ लागतो. लाल टाकीपुढे पाहुणे थांबतात, “वा” म्हणतात, फोटो काढतात आणि सोफ्यावर बसतात. या टाकीपुढे “यात काही नाही का?” असं विचारतात. मग एक दिसते. तिच्या शेजारी दुसरी, जी इतका वेळ तिथेच होती. डोळा सरावला की पान, दगड, मुळं, सगळीकडून त्या उलगडत जातात. पारदर्शक असल्याने आत खाल्लेलं दिसतं: आतड्याची काळी रेघ, अंड्यांमधले डोळ्यांचे ठिपके, गिळलेल्या पालकाचा हिरवा रंग पुढे सरकताना. लाल कोळंबीत हे काहीच दिसत नाही. रंग जितका दाट, तितका आतला कारभार झाकलेला. कोळंबीची उत्तम प्रत म्हणून आपण निवडतो ती जिच्यातलं आत काही दिसत नाही ती, हे माझ्या फार उशिरा ध्यानात आलं.

माहेरच्या पऱ्यातही अशीच झिंगी असत. ती जात वेगळी, सह्याद्रीतल्या ओढ्यांची आपली. पावसाळा सरला की आम्ही मुलं पंचा धरून ती गाळायचो, मुठीत धरली की तळहाताला गुदगुल्या व्हायच्या. त्यामुळे एका पाहुण्याने या मातकट टाकीकडे बघून फार सहज सुचवलं, “एवढी झालीत तर गावच्या ओढ्यात सोडून द्या ना, पुण्य लागेल.” आपल्याकडे हे पुण्य फार लोक मिळवतात. उजनीच्या जलाशयात आज चिलापीबरोबर सकर मासाही जाळ्यात येतो. तो दक्षिण अमेरिकेतला, मत्स्यालयांच्या काचा साफ करायला आणलेला, मोठा झाला म्हणून कोणीतरी दयेने पाण्यात सोडलेला. जाळी फाडतो आणि त्याला गिऱ्हाईक नाही. ही कोळंबीही कमी नाही. जर्मनीतल्या गिलबाख नावाच्या ओढ्यात वीज केंद्राचं गरम पाणी येतं, तिथे टाकीतून सुटलेल्या चेरीने संसार थाटला आहे. हवाईत, जपानमध्येही ती पोचली. म्हणून माझ्या टाकीतलं बदलायचं पाणीसुद्धा मी कुंड्यांना घालते, नाल्यात नाही. त्या पाहुण्याला मी म्हटलं, यांना गाव नाही. यांचं गाव ही काच.

मध्यंतरी तो पिंपरीचा तरुण घरी आला. दुसरी टाकी बघून आधी त्याने चुकचुक केली. मग बराच वेळ वाकून बघत राहिला. म्हणाला, “काकू, तुम्हाला वाटतं तुम्ही निवडत नाही. पण तुमचं पाणी निवडतंय की. एप्रिलमध्ये टाकी तापते, टँकरचं पाणी येतं, त्यात ज्या तगतात त्यांचीच पिल्लं पुढे. माझी जाळी दिसते, तुमची दिसत नाही, एवढाच फरक.” मी चहा ठेवायला उठले, कारण लगेच उत्तर देता आलं नाही. त्याचं म्हणणं अर्धं खरं आहे. वीस अंशांच्या पाण्यात लिटरमागे नऊ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तीस अंशांना साडेसातच. गरम पाण्यात जीव जास्त मागतो आणि पाणी कमी देतं. त्या कचाट्यात काही जातातच, आणि कोणत्या जातात ते मी ठरवत नाही.

चहा घेऊन आल्यावर मी म्हटलं, फरक आहे. तुझ्या जाळीला जे नको असतं ते कोळंबीच्या जगण्याशी संबंधित नसतं. पाण्याला जे नको असतं ते असतं. तो म्हणाला, “कोळंबीला काय फरक पडतो? ती दोन्हीकडे जातेच.” यावर आमचं एकमत झालं नाही आणि होईल असं वाटत नाही. जाताना त्याने लाल टाकीतल्या दोन फिक्या मला न विचारता बोटाने दाखवल्या. मी संध्याकाळी त्या काढून दुसरीकडे टाकल्या. म्हणजे मीही अजून काढतेच.

पाणी निवडतं हे मान्य करूनही, मार्च संपला की मी टाक्यांची झाकणं काढते आणि काठावर छोटे पंखे लावते. पाण्यावरून वारा गेला की बाष्पीभवन होतं आणि माठ गार होतो तसं टाकीतलं पाणी दोन-तीन अंशांनी उतरतं. पुण्याच्या कोरड्या हवेत हे छान जमतं. मुंबईला माझी बहीण हेच करून बघते, दमट हवेत तिला अर्धा अंशही मिळत नाही. उडालेल्या पाण्याची भर रोज घालावी लागते, तीही आरओच्या पाण्याने, नाहीतर क्षार साठत जातात. तेव्हा त्या तरुणाच्या हिशेबाने मी निवडीत ढवळाढवळ करते आहे. करते. पंखे दोन आहेत, आणि एक मातकट टाकीवर असतो.